माळ्यावरचा संगणक

दिवाळीच्या आधी घरोघरी माळा आवरला जातो. चार वर्षांपूर्वी आमच्या माळ्यावरून एक तुटका स्टोव्ह, दोन पितळी डबे, माझ्या एम.एस्सी.च्या वह्या आणि २०१२ साली घेतलेला एक लॅपटॉप खाली आला. स्टोव्ह भंगारात गेला. त्याच्या मागोमाग लॅपटॉपही जाणार होता. तो सुरू व्हायलाच सहा मिनिटे घेई, आणि दुरुस्ती करणाऱ्याने "सर, यात आता काही राम नाही," असे सांगून टाकले होते.

पण भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला एक खोड असते. वस्तू बिघडली असे कोणी म्हटले, की नेमके काय बिघडले हे पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. मी लॅपटॉप तपासला. प्रोसेसर ठीक होता, स्मृती ४ गिगाबाइट होती, पडदा स्वच्छ होता. कळफलकाची एक कळ तेवढी निखळली होती. म्हणजे यंत्र बिघडले नव्हतेच. त्याच्यावर चालणारी कार्यप्रणाली त्याला झेपेनाशी झाली होती.

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असा संगणक असेल. विंडोज १० या कार्यप्रणालीला कंपनीकडून मिळणारा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तिच्यापुढच्या विंडोज ११ साठी नव्या पिढीचे प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते. त्यामुळे चांगली चालणारी कितीतरी यंत्रे एकाएकी "जुनी" ठरली.

आमच्या लॅपटॉपचे पुढे काय झाले, त्याची ही हकीगत आहे. तीत थोडे यश आहे, थोडा हिशेब आहे आणि एक मोठी चूक आहे. चूक माझीच आहे. खरे म्हणजे ती तुम्हाला सांगता यावी म्हणूनच हा लेख लिहायला घेतला.

कार्यप्रणाली म्हणजे काय?

आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक सहायक आहेत. एका वेळी वीस मुले प्रयोगाला येतात आणि गॅल्व्हानोमीटर असतात आठ. कोणाला कोणते उपकरण द्यायचे, किती वेळ द्यायचे, कोणी ते परत केले आणि कोणी फोडले, हे सारे सहायक पाहतात. मुले प्रयोग करतात, सहायक प्रयोग करीत नाहीत. पण ते एक दिवस रजेवर गेले, तर एकही प्रयोग धड पुरा होत नाही.

संगणकात हेच काम कार्यप्रणाली करते. प्रोसेसर एक, स्मृती मोजकी, तबकडी एक, आणि ती वापरू पाहणारे कार्यक्रम मात्र शेकडो. प्रत्येकाला पाळीपाळीने वेळ द्यायचा, स्मृतीतली जागा नेमून द्यायची, एकाने दुसऱ्याच्या जागेत घुसू नये हे पाहायचे. कार्यप्रणालीच्या ज्या भागात हे काम चालते, त्याला कर्नल म्हणतात. आपण त्याला गाभा म्हणू या. लिनक्स हे अशाच एका गाभ्याचे नाव आहे.

एका विद्यार्थ्याचा छंद

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाची कार्यप्रणाली तयार करायला घेतली. ती फार सुटसुटीत होती आणि पुढे विद्यापीठांतून पसरली. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी, कोणालाही वापरता, अभ्यासता आणि बदलता येईल अशी युनिक्ससारखी प्रणाली बनवण्याचा संकल्प जाहीर केला. तिचे नाव ग्नू. तिचे बरेचसे भाग तयार झाले, पण गाभा काही पुरा होईना.

इकडे फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात लिनस टॉरवाल्ड्स नावाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता. त्याच्याकडे ३८६ जातीच्या प्रोसेसरचा संगणक होता. त्या संगणकाची सारी शक्ती वापरता यावी म्हणून त्याने स्वतःच एक गाभा लिहायला सुरुवात केली. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने इतर संगणकप्रेमींना हे कळवले. हा आपला छंद आहे, यातून फार मोठे काही व्हायचे नाही, असेही त्याने सांगितले होते. पहिल्या आवृत्तीत सुमारे १०,००० ओळी होत्या. आज त्या तीन कोटींहून अधिक आहेत आणि जगभरच्या हजारो माणसांनी त्या लिहिल्या आहेत.

हे घडू शकले ते एका निर्णयामुळे. १९९२ साली टॉरवाल्ड्सने ग्नू प्रकल्पाचाच परवाना लिनक्सला लावला. त्या परवान्याचा अर्थ तुम्हाला गणिताच्या पेपरावरून चटकन कळेल. नुसते उत्तर लिहिले तर बाई गुण कापतात, रीत दाखवावी लागते. विकत मिळणारे बहुतेक कार्यक्रम आपल्याला फक्त उत्तर देतात. लिनक्स रीतही देते. ती रीत कोणीही वाचावी, चूक दिसली तर सुधारावी. सुधारलेली प्रणाली दुसऱ्यांना दिली, तर सुधारलेली रीतही दिली पाहिजे, एवढीच अट.

आज लिनक्स कुठे नाही? अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सच आहे. जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांची यादी वर्षातून दोनदा निघते. नोव्हेंबर २०१७ पासून त्या यादीतला प्रत्येक महासंगणक लिनक्सवर चालत आला आहे. पुण्याच्या सी-डॅक संस्थेचा परम सिद्धी हा महासंगणक नोव्हेंबर २०२० च्या यादीत ६३ व्या क्रमांकावर होता. १९ एप्रिल २०२१ रोजी मंगळावर इंजेन्युइटी या १.८ किलोग्रॅम वजनाच्या छोट्या हेलिकॉप्टरने पहिले उड्डाण केले, तेव्हा त्याच्या पोटातही लिनक्सच होते. मग आमच्या माळ्यावरच्या लॅपटॉपला ते का चालू नये?

पेनड्राइव्हवरून नवा जन्म

नुसता गाभा घेऊन काही करता येत नाही. त्याच्याभोवती खिडक्या, लेखनाचे साधन, चित्र पाहण्याचे साधन असे सारे रचून जो संच तयार होतो, त्याला वितरण म्हणतात. १९९३ साली सुरू झालेले डेबियन, त्याच्या आधाराने २००४ साली निघालेले उबुंटू, आणि त्याच्यापासून निघालेले मिंट ही त्यांतली प्रसिद्ध नावे. मी डेबियन घेतले. नवशिक्याला मिंट अधिक सोपे जाते.

वितरण महाजालावरून फुकट उतरवून घेता येते. ते ८ गिगाबाइटच्या पेनड्राइव्हवर विशिष्ट पद्धतीने लिहायचे आणि संगणक त्या पेनड्राइव्हवरून सुरू करायचा. यातली सोय अशी, की आतल्या तबकडीला हात न लावता नवी प्रणाली कशी चालते ते आधी पाहता येते. आवडली तरच बसवायची. मात्र बसवताना तबकडीवरचे जुने सगळे पुसले जाऊ शकते. म्हणून हे काम घरातल्या मोठ्या माणसाला शेजारी बसवून, आणि महत्त्वाच्या गोष्टी दुसरीकडे उतरवून ठेवल्यावरच करावे.

माझे काम काही सरळ झाले नाही. पहिल्या दिवशी वायफाय चालेना, कारण त्याच्या चिपला लागणारी एक वेगळी फाइल हवी होती. ती फाइल महाजालावर, आणि महाजालावर जायला वायफाय हवे! शेवटी फोन तारेने लॅपटॉपला जोडला, फोनचे महाजाल वापरले आणि फाइल आणली. सारे आटोपल्यावर लॅपटॉप ४० सेकंदांत सुरू झाला. तेच यंत्र, तोच प्रोसेसर.

घरातला सेवक

आता या लॅपटॉपला काम काय द्यायचे? आमच्या घरी फोटो चार फोनांत आणि दोन पेनड्राइव्हांत विखुरले होते. ते एका जागी असावेत आणि घरातल्या कोणालाही आपल्या फोनवर पाहता यावेत, असे ठरले. जो संगणक सतत जागा राहून दुसऱ्यांच्या मागण्या पुऱ्या करतो, त्याला सर्व्हर म्हणजे सेवक म्हणतात. सर्व्हर म्हटले की आपल्याला मोठ्या थंड खोलीतली कपाटे आठवतात. पण सेवकपण त्याच्या आकारात नसते, कामात असते. टीव्हीच्या कपाटामागे झडप मिटून ठेवलेला लॅपटॉपही सर्व्हर होऊ शकतो.

घरातल्या फोनला हा सेवक सापडतो कसा? घरातल्या राऊटरने प्रत्येक यंत्राला एक पत्ता दिलेला असतो. आमच्या लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.१.१० असा आहे. या पत्त्यातले चार आकडे प्रत्येकी ० ते २५५ मधले असतात. म्हणजे एकूण पत्ते २५६ × २५६ × २५६ × २५६, अर्थात सुमारे ४२९ कोटी. जगात माणसेच ८०० कोटींच्या वर आहेत, तेव्हा हे पत्ते पुरणार कसे? म्हणून एक युक्ती केली आहे. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते फक्त घरातल्या घरात चालतात, आणि बाहेरच्या जगाला साऱ्या घराचा मिळून एकच पत्ता दिसतो. वाड्याचा पत्ता एक, खोल्यांचे नंबर आतल्या आत, तसे हे आहे. तुमच्या शेजाऱ्याच्या घरातही १९२.१६८.१.१० असू शकतो, आणि दोघांचे काही बिघडत नाही.

बाहेरगावाहूनही फोटो दिसावेत म्हणून एकदा मी राऊटरमधून बाहेरच्या जगाला एक दार उघडून दिले. सकाळी लॅपटॉपची नोंदवही वाचली. रात्रभरात अनोळखी पत्त्यांवरून परवलीचा शब्द ओळखण्याचे शेकडो प्रयत्न झाले होते! माझ्यावर कोणाचा राग नव्हता. असे प्रयत्न करणारे कार्यक्रम साऱ्या पत्त्यांवरून एकामागून एक फिरत असतात. मी ते दार लगेच बंद केले. आता बाहेरून यायचे तर वायरगार्ड नावाच्या सांकेतिक बोगद्यातून यावे लागते, आणि त्याची किल्ली आमच्या दोन फोनांतच आहे. तुम्ही असा प्रयोग कराल, तेव्हा तो घरातल्या घरातच ठेवा. शिकण्यासारखे तिथेच पुष्कळ आहे.

विजेचा हिशेब

"चोवीस तास चालू ठेवायचा म्हणजे बिल किती येईल?" हा प्रश्न आमच्या घरी पहिल्याच दिवशी निघाला. प्रश्न योग्यच होता. त्याचे उत्तर अंदाजाने न देता मोजून द्यावे, असे मी ठरवले.

आमच्या विजेच्या मीटरवर एक तांबडा दिवा लुकलुकतो आणि खाली "एका युनिटला ३२०० स्पंद" अशा अर्थाचे छापलेले आहे. तुमच्या मीटरवर हा आकडा वेगळा असू शकेल. एका रविवारी सकाळी मी फ्रिज, पंखे, टीव्ही, राऊटर, झाडून सगळे बंद केले. लॅपटॉपची बॅटरी आधीच पूर्ण भरून घेतली होती, नाहीतर भरण्याची वीजही मोजली गेली असती. मग फक्त लॅपटॉप चालू ठेवून मुलीला मीटरसमोर बसवले. अर्ध्या तासात १९ स्पंद झाले.

१९ भागिले ३२०० म्हणजे ०.००५९ युनिट. हे अर्ध्या तासाचे. म्हणून तासाला ०.०११९ युनिट, म्हणजेच सुमारे १२ वॅट. महिन्याचे तास ७२०. तेव्हा महिन्याला ८.६४ युनिट वीज लागते. युनिटचा दर ८ रुपये धरला, तर महिन्याचा खर्च सुमारे ६९ रुपये.

मग घरातला दुसरा जुना, पेटीसारखा संगणक लावून पाहिला. त्याचे १० मिनिटांतच ३२ स्पंद झाले. म्हणजे तो ६० वॅट घेतो. महिन्याला ४३.२ युनिट, आणि खर्च सुमारे ३४६ रुपये! दोन्ही यंत्रे फुकटच होती, पण एक चालवायला दुसऱ्याच्या पाचपट महाग. "जुने वापरा" हा उपदेश चांगला आहे, पण तो वॅटमापनानंतरच पाळावा.

लॅपटॉपचा आणखी एक फायदा म्हणजे त्याची बॅटरी. वीज गेली तरी तो बंद पडत नाही. मात्र सतत जोडून ठेवलेली जुनी बॅटरी फुगू शकते आणि फुगलेली बॅटरी धोकादायक असते. म्हणून आम्ही ती ८० टक्क्यांपर्यंतच भरेल अशी सोय केली, आणि महिन्यातून एकदा ती हाताने व डोळ्याने तपासतो.

आता माझी चूक

माझ्या आजीचा आवाज १९८८ साली माझ्या काकांनी एका कॅसेटवर उतरवला होता. ९० मिनिटांची कॅसेट, दोन्ही बाजूंना जात्यावरच्या ओव्या. आजी गेल्यावर ती कॅसेट ट्रंकेत पडून राहिली. लॅपटॉप नीट चालू लागल्यावर मी ती बाहेर काढली. फितीला बुरशी लागली होती. हलक्या हाताने पुसून वाजवली आणि लॅपटॉपवर उतरवून घेतली. एका बाजूची ४५ मिनिटे म्हणजे सुमारे ४७६ मेगाबाइट. फीत वाजत असताना तिच्यावरचा चुंबकीय थर भुकटी होऊन सुटत होता. दुसऱ्यांदा वाजवण्याजोगी ती उरली नाही.

या ध्वनिफिती आणि घरातले सारे फोटो मी एका मोठ्या बाह्य तबकडीवर ठेवले होते. शिवाय एक छोटी तबकडी प्रत म्हणून जोडली होती. रोज रात्री दोन वाजता एक आज्ञा आपोआप चालायची. मोठ्या तबकडीवर जे आहे तेच छोटीवर करायचे, आणि मोठीवर जे नाही ते छोटीवरूनही पुसायचे. दोन्ही अगदी सारख्या राहाव्यात, म्हणून पुसण्याची सूचना मीच घातली होती.

दोन वर्षांपूर्वी जुलैत एका संध्याकाळी वीज चार-पाच वेळा गेली आणि आली. लॅपटॉपला बॅटरी होती, छोट्या तबकडीला लॅपटॉपमधूनच वीज मिळे. मोठ्या तबकडीचा अॅडॉप्टर मात्र थेट भिंतीत होता. फिरत्या तबकडीवर वाचणारे टोक पृष्ठभागापासून काही नॅनोमीटरच वर तरंगत असते. माणसाचा केस त्याच्या हजारो पट जाड असतो. असे धक्के तिला सोसले नाहीत. रात्री फोटो उघडेनात, तेव्हा मी लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला, तबकडी सकाळी पाहू म्हणालो आणि झोपलो.

लॅपटॉप सुरू झाला, पण मोठी तबकडी जोडली गेली नाही. तिच्या जागी एक रिकामा कप्पा उरला. रात्री दोन वाजता आज्ञा चालली. तिने पाहिले, मोठ्या बाजूला काहीच नाही. मग तिने छोट्या बाजूचेही सगळे पुसून दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या केल्या. आज्ञेने काही चूक केली नाही. मी सांगितले तेच तिने केले. सकाळी मोठी तबकडी टकटक आवाज करीत मेलेली होती आणि छोटी रिकामी होती. आईला हे कसे सांगावे, ते मला कळेना.

इथे विज्ञानाचा थोडा उपयोग झाला. फाइल पुसली म्हणजे तिचे अक्षर न् अक्षर खोडले जात नाही. ग्रंथालयातले पुस्तक कपाटात तसेच असते, फक्त त्याचे नोंदपत्र फाडले जाते. त्या जागी नवे पुस्तक ठेवेपर्यंत जुने शाबूत असते. म्हणून मी छोटी तबकडी ताबडतोब काढली, तिच्यावर काहीही लिहू दिले नाही, आणि कपाटे चाळणारा एक कार्यक्रम दोन रात्री चालवला. बहुतेक फोटो परत आले, पण त्यांची नावे गेली होती. ध्वनिफिती मोठ्या असल्याने तुकड्यातुकड्यांत पसरल्या होत्या. दुसऱ्या बाजूच्या ओव्यांची पहिली ११ मिनिटे मिळाली. पुढची ३४ मिनिटे गेली ती गेलीच.

पहिली बाजू वाचली ती माझ्यामुळे नव्हे. साताऱ्याला राहणाऱ्या माझ्या बहिणीने ती कधीतरी फोनवर मागून घेतली होती. तिच्या फोनात ती तशीच पडून होती.

प्रती दोन, पण खरोखर दोन का?

माझे कुठे चुकले? समजा, एखादी तबकडी एका वर्षात निकामी होण्याची शक्यता ५० त १ आहे. मग दोन्ही तबकड्या एकाच वर्षी जाण्याची शक्यता ५० × ५०, म्हणजे २,५०० त १. तिसरी प्रत असेल तर १,२५,००० त १. हा हिशेब तुम्ही पुढे संभाव्यतेच्या धड्यात शिकाल. पण त्या धड्यात एक अट असते आणि ती आपण घाईत वाचत नाही. या घटना एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. माझ्या तबकड्या दोन होत्या, पण माझ्याच आज्ञेच्या दोरीने एकीला दुसरी बांधलेली होती. एक विहिरीत पडली, तिने दुसरीलाही ओढले. एकाच कपाटात ठेवलेल्या दोन प्रतींना आग, पूर आणि चोर हेही एकदमच गाठतात.

म्हणून जाणकार सांगतात, प्रती तीन असाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक तरी घराबाहेर असावी. आमची व्यवस्था आता अशी आहे. मोठ्या तबकडीवर "हजर" नावाची एक लहान फाइल आहे. आज्ञा आधी ती शोधते, नाही दिसली तर काही न करता थांबते. पुसलेल्या फाइली ३० दिवस वेगळ्या ठेवल्या जातात. एक तबकडी साताऱ्याला असते. ती सांकेतिक रूपात लिहिलेली आहे, म्हणजे वाटेत हरवली तरी कोणाला वाचता येणार नाही. गणपतीला आणि दिवाळीला एसटीने जाताना आम्ही ती बदलून आणतो. आणि ओव्यांसारख्या मोजक्या फाइलींची सांकेतिक प्रत एका कंपनीच्या भाड्याच्या जागेतही आहे.

तुम्ही म्हणाल, मग सगळेच कंपनीकडे का ठेवू नये? तिथे तज्ज्ञ माणसे असतात, हे खरे. पण तिथेही एकच प्रत ठेवून निश्चिंत राहता येत नाही. आपल्याकडे घरोघरी माहीत असलेले ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. मायस्पेसवर २०१५ पर्यंत लोकांनी ठेवलेले संगीत यंत्रे बदलताना नष्ट झाले, हे २०१९ साली उघड झाले. घर असो की कंपनी, एका जागेवर विसंबू नये. माझ्या घरच्या सेवकाने मला खर्च, वीज, तबकडी, पत्ते हे सारे समजावून दिले. पण वस्तू घरी आणली की तिची राखणही घरी येते, हे त्याने शिकवले ते ३४ मिनिटांची किंमत घेऊन.

घरासाठी दिवा, कॅमेरा, घड्याळ असे कोणतेही "हुशार" उपकरण घेताना आता आम्ही दुकानात तीन प्रश्न विचारतो. महाजाल बंद असताना हे चालते का? यातली आपली माहिती बाहेर काढून दुसरीकडे नेता येते का? आणि ही सेवा उद्या बंद झाली तर वस्तू उपयोगी राहील का? दुकानदार कधी कधी वैतागतो. पण उत्तरे मिळाली, की निवड सोपी होते.

करून पाहा

१. तुमच्या मीटरवरील स्पंद मोजून घरातल्या एकेका उपकरणाचे वॅट काढा. मीटर लांबूनच पाहा, त्याला किंवा तारांना हात लावू नका. घरच्यांना विचारूनच उपकरणे बंद करा.

२. संगणकावर दोन ओळींची एक फाइल लिहा आणि तिचा एसएचए-२५६ या पद्धतीचा ठसा काढा. लिनक्समध्ये त्यासाठी तयार आज्ञा असते. ६४ चिन्हांची एक ओळ मिळेल. आता फाइलमधला एकच स्वल्पविराम बदलून पुन्हा ठसा काढा. संपूर्ण ओळ बदललेली दिसेल. मूळ फाइल आणि तिची प्रत यांचे ठसे जुळतात का, एवढे पाहिले की प्रत खरी आहे की नाही ते कळते.

३. घरातल्या एका महत्त्वाच्या फोटोच्या किती प्रती आहेत आणि त्या कुठे आहेत, ते वहीत लिहा. मग त्यांतली प्रत्येक प्रत उघडून पाहा. "आहे" असे वाटणे आणि उघडून दिसणे यांत किती फरक पडतो, ते नोंदवा.

आमच्या घरी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी माझी मुलगी साताऱ्याच्या तबकडीखेरीज बाकी प्रतींतून कोणत्याही तीन फाइली निवडते आणि उघडून तपासते. साताऱ्याची तपासणी तिची आत्या करते. त्या तीन फाइलींत एक नेहमी ओव्यांची असते. आई त्या वेळी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बसते. पहिली बाजू पुरी वाजते, दुसरीची ११ मिनिटे वाजतात, आणि मुलगी वहीत तारीख घालून लिहिते, "तपासले, ठीक."